एका मिनिटात किती श्वास?

मित्रांनो, हा लेख वाचण्यापूर्वी एक छोटेसे काम करा. सेकंदकाटा असलेले घड्याळ समोर ठेवा, एक हात पोटावर ठेवून शांत बसा आणि पूर्ण एक मिनिट आपले श्वास मोजा. पोट एकदा वर येऊन खाली गेले, की एक श्वास झाला. आपण मोजतो आहोत हे ठाऊक असल्यामुळे थोडा फरक पडेल. तरीही आकडा बहुधा १५ ते २५ च्या दरम्यान येईल.

घरात किंवा शेजारी तान्हे बाळ असेल, तर ते शांत झोपलेले असताना त्याचेही श्वास असेच मोजा. ३०, ३५, कधी ४० सुद्धा भरतील! घाबरू नका. बाळाची फुफ्फुसे लहान असतात. एका श्वासात त्यांत थोडीच हवा मावते. म्हणून बाळाला आपल्यापेक्षा भरभर श्वास घ्यावा लागतो.

पण हा आकडा किती वाढला म्हणजे काळजी करायची? थंडीच्या दिवसांत ज्या घरात लहान मूल खोकते आहे, त्या घराला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असायलाच हवे. ते समजायला फार मोठे शास्त्र शिकावे लागत नाही. शंभरापर्यंत मोजता आले, की पुरे.

थंडीने सर्दी होते का?

दिवाळी सरली, की हवेत गारवा येतो. आजी ट्रंकेतून कानटोप्या आणि स्वेटर बाहेर काढते. एवढे करूनही आठ-पंधरा दिवसांत घरात कोणीतरी शिंकू लागतेच. "थंडी बाधली," असे आजी म्हणते. तिचे म्हणणे अर्धे खरे आहे.

नुसत्या थंडीने सर्दी होत नाही. त्यासाठी रोगजंतू असावे लागतात. साध्या पडशाला कारण होणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. फ्ल्यूचा विषाणू त्यांहून वेगळा. डांग्या खोकला आणि घटसर्प हे रोग जिवाणूंमुळे होतात. हे जंतू बारा महिने असतात. परंतु थंडीत त्यांचे फावते. याची कारणे तीन.

पहिले कारण म्हणजे आपण दारे-खिडक्या लावून एका खोलीत दाटीवाटीने झोपतो. एकाच्या शिंकेतील बारीक तुषार तिथल्या तिथे फिरत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासावाटे आत जातात. दुसरे कारण हवेचा कोरडेपणा. थंड, कोरड्या हवेत फ्ल्यूसारखे विषाणू अधिक काळ टिकतात आणि आपल्या नाकातील ओलसर अस्तर मात्र कोरडे पडते. तिसरे कारण धूर. शेकोटी, शेगडी, चूल आणि जोडीला कोणाची विडी-सिगारेट! आपल्या श्वासमार्गाच्या आतल्या बाजूस केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ आणि जंतू कफाबरोबर वर ढकलतात. धुराने या तंतूंचे काम मंदावते. म्हणजे घरातला झाडूवालाच आजारी पडतो म्हणा ना!

आपल्या देशात फ्ल्यूचे दोन हंगाम दिसतात. एक पावसाळ्यात येतो आणि दुसरा साधारण जानेवारी ते मार्च या काळात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत अशा विषाणूंवर सतत पाळत ठेवली जाते. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे नाव २००९ साली घरोघर पोहोचले. त्या वर्षी पुण्यात स्वाइन फ्ल्यूची साथ पसरली आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

तांब्या आणि बादली

पडसे चार-सहा दिवसांत आपोआप बरे होते. मग काळजी कशाची? काळजी आहे ती जंतू नाक-घसा ओलांडून खाली फुफ्फुसात उतरण्याची.

श्वासनलिका छातीत शिरल्यावर झाडाच्या फांद्यांप्रमाणे तिला फाटे फुटत जातात. असे सुमारे तेवीस वेळा फाटे फुटल्यावर शेवटी द्राक्षांच्या घडांसारखे अगदी बारीक फुगे लागतात. हे वायुकोश. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसांत ते तीस कोटींहून अधिक असतात. ते सर्व उलगडून पसरले, तर तुमच्या वर्गाची जमीन झाकून उरेल! याच वायुकोशांच्या पातळ भिंतींमधून प्राणवायू रक्तात जातो.

जंतू येथवर पोहोचले, की सूज येते आणि वायुकोशांत हवेऐवजी पाणी व पू साचू लागतो. हाच न्यूमोनिया. आता अशी कल्पना करा, की तुम्हाला विहिरीवरून पाण्याचा हौद भरायचा आहे. हातात बादली असेल, तर थोड्या खेपा पुरतील. बादली काढून घेऊन हातात तांब्या दिला, तर तेवढ्याच वेळात हौद भरण्यासाठी धावत खेपा घालाव्या लागतील. न्यूमोनियात नेमके हेच होते. फुफ्फुस कडक बनते, एका श्वासात थोडीच हवा आत जाते आणि शरीराची गरज भागवण्यासाठी बाळ भरभर श्वास घेऊ लागते. त्याच्या छातीत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही. श्वासांचा वेग मात्र दिसतो आणि मोजता येतो.

हा रोग किती घातक आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार मुले न्यूमोनियाने दगावली. यांतील पुष्कळशा मुलांना वेळेवर औषध मिळाले असते, तर ती वाचली असती. औषध वेळेवर मिळण्यासाठी रोग वेळेवर ओळखायला हवा. जेथे डॉक्टर नाही, क्ष-किरणाचे यंत्र नाही, तेथे तो ओळखायचा कसा?

गोरोका ते गडचिरोली

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पापुआ न्यू गिनी हा डोंगराळ देश आहे. तेथील गोरोका गावात १९८० च्या सुमारास डॉक्टर फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा होता. खोकणारी अनेक मुले त्यांनी तपासली, त्यांची छाती स्टेथोस्कोपने ऐकली आणि त्यांचे श्वासही मोजले. तेव्हा असे दिसले, की छातीतील आवाज ऐकून केलेले निदान आणि नुसते श्वास मोजून केलेले निदान पुष्कळसे जुळते. जागतिक आरोग्य संघटनेने या कल्पनेचा स्वीकार केला आणि पुढे वयानुसार मर्यादा ठरवून दिल्या.

पण श्वास मोजणारा माणूस डॉक्टरच असला पाहिजे का? या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रात मिळाले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. १९८८ पासून त्यांनी ५८ गावांत एक प्रयोग केला. गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना खोकणाऱ्या मुलाचे श्वास मोजायला आणि न्यूमोनिया असेल तर योग्य ते प्रतिजैविक औषध द्यायला शिकवले. शेजारच्या ४४ गावांत नेहमीचीच व्यवस्था होती. या दोन गटांची तुलना केली, तेव्हा प्रयोगातील गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू दुसऱ्या गटाच्या निम्म्याहून कमी भरले. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यात एक अडचण होती. कित्येक सुईणींना मोजता येत नसे. त्यावर डॉ. बंग यांनी साधी युक्ती काढली. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याला जोडून मण्यांच्या रांगा. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरावीक मण्यापर्यंत पोहोचलो, तर बाळाला न्यूमोनिया असण्याचा संभव आहे असे समजायचे. दहा म्हणजे दोन्ही हातांची बोटे. तेवढे तर प्रत्येकालाच येते!

तुम्ही कसे मोजाल?

बाळ शांत असावे. रडताना, दूध पिताना किंवा खेळून दमल्यावर मोजू नये. अंगातील कपडा वर करून पोट व छाती नीट दिसतील असे पाहा. मोजणी पूर्ण एक मिनिट करा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचे, हे गणिताच्या तासाला चालेल; येथे चालणार नाही. लहान बाळ कधी भरभर, कधी सावकाश श्वास घेते, त्यामुळे असा गुणाकार फसवा ठरतो. आकडा मर्यादेच्या जवळ आला तर पुन्हा एकदा मोजा. खोकला-सर्दी असलेल्या मुलासाठी मर्यादा अशा आहेत :

दोन महिन्यांहून लहान बाळ : मिनिटाला ६० किंवा अधिक

दोन महिने ते एक वर्ष : मिनिटाला ५० किंवा अधिक

एक ते पाच वर्षे : मिनिटाला ४० किंवा अधिक

आकडा याप्रमाणे आला, तर "उद्या पाहू" असे म्हणायचे नाही. त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचे. दोन महिन्यांहून लहान बाळ असेल, तर क्षणाचाही वेळ न घालवता रुग्णालय गाठायचे. इतक्या लहान बाळाला कधीकधी ताप येतच नाही, उलट अंग गार पडते. म्हणून "ताप नाही ना, मग काही नाही" ही समजूत खोटी आहे.

काही लक्षणे अशी आहेत, की ती दिसताच आकडा पाहण्याचीही गरज नाही. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, बाळाने अंगावर पिणे सोडणे, श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येणे, ओठ निळसर पडणे, झटके येणे किंवा हाक मारूनही जागे न होणे. यांपैकी एकही दिसले, तर तडक रुग्णालय. वाहन नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

छाती आत ओढली जाऊन पोट उडू लागले, की खेड्यापाड्यांत त्याला 'डब्बा' किंवा 'डंबा' म्हणतात. काही भागांत अशा बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चाल आहे. आईबाप हे मायेपोटीच करतात. परंतु वायुकोशांत साचलेला पू पोटावरच्या चटक्याने कसा जाणार? बाळाला भाजल्याची जखम होते आणि औषधाची वेळ मात्र निघून जाते. तुमच्या ओळखीत कोणी असा विचार बोलून दाखवला, तर रागावू नका. तांब्या-बादलीची गोष्ट सांगा आणि त्यांना दवाखान्याची वाट दाखवा.

साखरेचा अंगरखा

आता तुम्ही म्हणाल, आजार होईपर्यंत थांबायचे कशाला? तो होऊच नये असे काही करता येत नाही का? येते. त्यासाठीच लस आहे.

लस म्हणजे जंतूची ओळखपरेड. मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, अथवा त्याचा एखादाच तुकडा शरीराला दाखवला जातो. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते आणि त्याची आठवण ठेवते. पुढे खरा जंतू आला, तर शरीर तयारीनिशी त्याचा सामना करते.

न्यूमोनियाचा एक मोठा गुन्हेगार म्हणजे न्यूमोकोकस हा जिवाणू. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. याच्या अंगावर एका प्रकारच्या शर्करेचा जाड थर असतो. मोठ्या माणसाचे शरीर हा थर ओळखते. परंतु दोन वर्षांखालील बालकाच्या शरीराला तो नीट ओळखता येत नाही. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त धोका, त्यांच्याच डोळ्यांत हा जंतू धूळ फेकतो! शास्त्रज्ञांनी त्यावर तोड काढली. ही शर्करा त्यांनी एका प्रथिनाला जोडली. प्रथिने बालकाच्या शरीराला चांगली ओळखता येतात. प्रथिन ओळखताना त्याला चिकटलेली शर्कराही ते ओळखायला शिकते. अशा लसीला संयुग्म लस म्हणतात. भारताने २०१७ मध्ये काही राज्यांत ही लस सरकारी कार्यक्रमातून द्यायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये ती देशभर नेली. पुण्यात तयार झालेली अशी लस डिसेंबर २०२० मध्ये वापरासाठी खुली झाली.

सरकारी कार्यक्रमात ही लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत मोफत मिळते. तिच्याबरोबर आणखीही लसी आहेत. पंचगुणी लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना देतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, 'ब' प्रकारची कावीळ आणि 'हिब' जिवाणूचे आजार अशा पाच शत्रूंना ती तोंड देते. यांतील 'हिब' हाही न्यूमोनियाचे एक कारण आहे. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसऱ्यांदा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. गोवराचा आणि थंडीतल्या आजारांचा काय संबंध, असे वाटेल. गोवरामुळे शरीराची प्रतिकारशक्ती खचते आणि मागाहून न्यूमोनिया होतो. गोवराने दगावणारी पुष्कळ मुले त्यामुळेच जातात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, तेव्हा लस न घेतलेल्या मुलांना त्याची मोठी झळ बसली.

फ्ल्यूची लस सहा महिन्यांच्या पुढे देता येते. फ्ल्यूचा विषाणू आपले रूप सतत बदलतो, म्हणून ही लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. सरकारी वेळापत्रकातील बाललसींमध्ये ती नाही. परंतु लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध माणसे आणि दमेकरी यांनी तिच्याविषयी डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. मग त्याचे रक्षण कसे व्हायचे? त्याच्याभोवतीच्या माणसांनी आपण आजारी न पडून! शाळेतून फ्ल्यू घरी आणणारे तुम्हीच असता, हे विसरू नका. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते. तेव्हा सुई पाहून पळायचे नाही बरे!

लस टोचल्यावर एखादा दिवस ताप येतो, दंड किंवा मांडी दुखते. साध्या सर्दीसाठी लस लांबणीवर टाकण्याचे कारण नाही. एखादी तारीख चुकली असेल, तर नर्सबाईंना किंवा आशाताईंना विचारा. पुष्कळ लसी नंतरही देता येतात.

लस सर्वच जंतूंना अडवते असे मात्र नाही. पडशाच्या असंख्य विषाणूंवर लस नाही. लस हे शेताचे कुंपण आहे. कुंपण घातले तरी शेतकरी राखण करतोच. आपले श्वास मोजणे ही तशीच राखण आहे.

घरी काय करावे, काय करू नये

श्वासांचा आकडा मर्यादेत आहे, मूल खाते-पिते, खेळते आहे, तर घरची शुश्रूषा पुरते. सहा महिन्यांखालील बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, ते थोडे थोडे, पण वरचेवर. मोठ्या मुलाला पेज, वरणाचे पाणी, गरम सूप. वर्षाच्या पुढच्या मुलाला खोकल्यासाठी थोडा मध चालतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीही चाटवू नये. नाक चोंदले तर औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत. बाळाला ऊब हवी, पण खोलीत हवा खेळती हवी. दिवसा खिडकी उघडा, ऊन आत येऊ द्या.

आता करू नयेत अशा गोष्टी. बाळाच्या नाकात तेल किंवा तूप सोडू नये. ते फुफ्फुसात उतरून तेथेच सूज आणते. आंघोळीनंतर बाळाला ओव्याची, धुपाची धुरी देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. धुराने त्या झाडूवाल्या तंतूंचे काय होते हे तुम्ही वाचलेच आहे. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर लहान मुलाला वाफ देताना भाजण्याचे अपघात होतात. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणे तर जीवघेणे आहे. मागच्या वेळच्या बाटलीतील औषध उरले म्हणून यावेळी देऊ नये. प्रतिजैविके विषाणूंवर काम करीत नाहीत. ती कधी द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे. खोकल्याची आणि सर्दीची औषधे दोन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असे केंद्रीय आरोग्य खात्याने २०२५ मध्ये बजावले आहे. ताप उतरवण्यासाठी ॲस्पिरिन मुलांना देऊ नये.

तुमच्यासाठी सर्वांत सोपे काम म्हणजे शाळेतून आल्यावर साबणाने हात धुवून मगच बाळाला घेणे. आणि खोकताना-शिंकताना तोंडावर रुमाल धरणे, नाहीतर कोपराच्या आत तोंड झाकणे.

करून पाहा

पुढील आठवड्यात तीन गोष्टी करा. पहिली : घरातील सर्वांत लहान मुलाचे लसीकरणाचे कार्ड शोधा. वयाप्रमाणे सर्व रकाने भरले आहेत का, ते आईबरोबर बसून ताडून पाहा. दुसरी : घरातील प्रत्येकाचे श्वास मोजून वहीत लिहा. एका रकान्यात वय, दुसऱ्यात मिनिटाचे श्वास. वयाबरोबर आकडा कसा उतरत जातो, याचा सुरेख आलेख मिळेल. तिसरी : वर दिलेल्या तीन मर्यादा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घड्याळाखाली चिकटवा.

एखाद्या रात्री घरातील बाळ खोकत असेल. आई घाबरली असेल, बाबा गावाला गेलेले असतील. "सकाळपर्यंत थांबावे का?" असा प्रश्न पडेल. अशा वेळी तुम्ही घड्याळासमोर बसून साठ सेकंद शांतपणे मोजा. थांबायचे की निघायचे, हे ठरवताना तुमच्या त्या आकड्याचा घराला मोठा आधार वाटेल.